पैठणचे पतंग

“पैठणचे पतंग पैठणला वापस धाडा! आत्ताच्या आत्ता! चहा मंग, पाणी मंग, आधी पाखरं धाडा!”

मी अजून मोटारसायकलवरून उतरलोही नव्हतो. एक पाय ब्रेकवर, एक पाय काळ्या चिखलात, आणि समोर कपाशीत कमरेइतकी बुडालेली आक्का. एका हातात शंभर पानी वही, दुसऱ्या हातात खुरपं. तिचा आवाज असा की तिनं अंबड तालुक्यातल्या आपल्या वावरातून हाक मारली, तर तिकडं बदनापूरच्या स्टेशनात गाडी थांबते आणि गार्ड खाली उतरून विचारतो, कोण बसायचं राहिलं का? हे मी वाढवून सांगत नाही. फार तर गार्ड वाढवला असेल.

“फोनवर आज किती म्हणालात?” मी विचारलं.

“एकशे बारा! काल एकशे सहा. परवा अठ्ठ्याण्णव. तीन दिवस सलग. तुम्हीच म्हणलते ना, तीन दिवस सलग आकडा वर गेला की पंप उचला म्हणून?”

आणि पंप उचललेला होता. बांधावर तिचा धाकटा दीर उभा होता. पाठीवर फवारणीचा बॅटरीवाला पंप, तोंडाला गमछा, हातात नळी, आणि डोळ्यांत घोड्यावर बसलेल्या नवरदेवाची कळा. गावात त्याला सगळे आबा म्हणायचे.

“सोळा लिटर भरून आणलाय, सर,” आबा गमछ्याआडून म्हणाले. “बॅटरी फुल चार्ज. तुम्ही नुसतं हां म्हणा. मारू का?”

त्या ‘मारू का’मध्ये काय दडलेलं आहे, हे बांधावर जमलेल्या पंधरा-वीस माणसांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आक्काला तर पाठच होतं. तिचा नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला. रविवारी घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. भावाभावांच्या वाटणीत आलेलं दोन एकर आक्काच करायची. शेजारचा गट दिराचा. दिराचं म्हणणं असं की बाईमाणसाच्यानं विषाचा पंप होत नाही. पंप मीच मारायचा, तर मग वावरही मीच करतो, बटईनं. बटई म्हणजे पीक अर्धं त्याचं आणि शब्द पूर्ण त्याचा. आक्काचं म्हणणं असं की मंग विषच नको ना. दोघांच्या मध्ये सापडलेल्या नवऱ्यानं एका रविवारी, जेवता जेवता, ताटातून मान वर न करता निकाल देऊन टाकला होता: यंदाच्या कपाशीला विषाचा एक जरी पंप लागला, तर गुढीपाडव्यापासून वावर भावाकडं बटईनं. नाही लागला, तर तू आन् तुझं वावर, मला विचारू नको.

म्हणजे मी ‘हां’ म्हटलं की आक्काचं वावर गेलं. आणि तिचा सगळा भरवसा होता माझ्यावर. आता माझ्यावर भरवसा ठेवणं म्हणजे काय, ते सांगतो.

मी तेव्हा एका संस्थेत नोकरीला होतो. हुद्दा क्षेत्र समन्वयक. गावं अकरा, मोटारसायकल एक, आणि खरं बोलायची सवय त्याहून कमी. काम एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा प्रसार. हे नाव पुरतं उच्चारेपर्यंत अळीच्या तीन पिढ्या होऊन जातात, म्हणून मी गावात साधं सांगायचो: आधी बघा, मग मोजा, मग विचार करा, आणि अगदीच जिवावर आलं तर फवारा. आमच्याकडं लोक उलट्या क्रमानं चालतात. आधी फवारतात, मग विचार करतात, आणि बघायला वेळच राहत नाही.

कपाशीतला खरा चोर म्हणजे गुलाबी बोंडअळी. ही बाई बोंडाच्या आत बसून खाते. बाहेरून बोंड हिरवंगार, गुळगुळीत, पाहुणचार झालेल्या व्याह्यासारखं. फोडून बघावं तर आत सरकी फस्त. तेव्हा अळी दिसायची वाट न बघता तिचा पतंग मोजायचा. त्यासाठी आमचा कामगंध सापळा: बांबूच्या काठीवर हिरवी टोपी, टोपीत वासाची एक गोळी, खाली लांब पिशवी. गोळीला वास मादीचा. नर येतो, घिरट्या घालतो, पिशवीत पडतो. रोज सकाळी पिशवीतले नर मोजायचे. एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त, असे तीन दिवस सलग पडले, तर धोका. एकराला दोन सापळे. आक्काच्या दोन एकरांना मी चार दिले होते, आणि तिला सोपं करून सांगितलं होतं: सगळ्यांची बेरीज बत्तीसच्या आत असली की निवांत झोपा.

हे सगळं मी मारुतीच्या पारावर समजावून सांगितलं तेव्हा तिथला एक म्हातारा अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. तो थांबला.

“म्हंजे वास बाईचा,” म्हातारा म्हणाला, “आन् बाई न्हाईच?”

“नाहीच, बाबा.”

“गडी बिचारा नटूनथटून येतो, आन् पिशवीत पडतो?”

“हो.”

“आमच्या नातवाचं औंदा असंच झालं. मध्यस्थानं पोरगी दाखवली, आम्ही साखरपुड्याला जीप भरून गेल्तो, तं घराला कुलूप!”

पार हसला. नातूही हसला, पण उशिरा. आणि या हसण्यानं मला चढली. कुणीतरी सहज विचारलं, सर, हा वास लांबवर जातो का, का आपला इथल्या इथं? आता खऱ्या माणसानं सांगितलं असतं की बाबांनो, एक-दोन बांध, त्यापलीकडं नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्रात प्रशिक्षणाला बसलो होतो, तिथं मला हेच शिकवलं होतं. पण तीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

“लांबवर?” मी म्हणालो. “अहो, पैठणच्या धरणावरचा पतंग या वासानं निघतो, शहागडला गोदाकाठी दम खातो, आणि दिवस उगवायच्या आत तुमच्या पिशवीत हजर!”

सगळे गप्प झाले. मला वाटलं, भारावले. ते भारावले नव्हते, हिशेब करत होते. तोंडी हिशेब करताना आमच्याकडचा माणूस अगदी भक्तीत बुडाल्यासारखा दिसतो.

बोलली फक्त आक्का. “सर, मंग ज्याच्या वावरात सापळा, त्याच्याच वावरात पैठणचे पतंग. बराबर?”

“बराबर. पण आले की मेलेच समजा!”

“आन् एखादा पिशवीत पडायचा चुकला तं?”

“चहा आला वाटतं,” मी म्हणालो.

सापळे फुकट होते, त्यामुळे सगळ्यांनी नेले. फुकटात आमच्या भागात लोक विजेचा धक्कासुद्धा रांगेत उभं राहून घेतील. संस्थेचा नियम असा की सापळा लावला की त्याच्याशेजारी उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोवर जागेचा पत्ता आपोआप उमटतो, म्हणजे लबाडीला वाव नाही. दोन दिवसांत सगळे फोटो आले. जो तो आपल्या वावरात, आपल्या सापळ्याला लेकरासारखा कवटाळून उभा. मी नकाशा बघितला, समाधान पावलो आणि घटस्थापनेच्या निमित्तानं दहा दिवस सासुरवाडीला जाऊन बसलो. संस्थेला कळवलं की मोटारसायकलचं इंजिन खोललंय.

त्या दहा दिवसांत गावात जे झालं ते मला नंतर कळलं. तुकड्या-तुकड्यांनी आणि प्रत्येकाकडून दुसऱ्याचंच.

झालं असं, की फोटोत लबाडीला वाव नव्हता, पण फोटोनंतर भरपूर होता. गावात घरोघरी संडास, वेशीवर तसा बोर्डही लावलेला. आणि त्या आठवड्यात पहाटे पहाटे अचानक जुनीजाणती माणसं डबा घेऊन वावराकडं निघालेली दिसू लागली. एका हातात डबा, बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. ग्रामसेवकाचं धाबं दणाणलं. त्यांनी म्हणे दोघातिघांना अडवून काकुळतीनं विचारलं, काय अडचण आहे, पाणी नाही का, दार लागत नाही का? सगळ्यांचं उत्तर एकच: “मोकळ्या हवेत बरं वाटतं, साहेब.”

डबे रिकामेच होते. बगलेत सापळा होता. पैठणचे पतंग येणार असतील तर येऊ देत, पण माझ्या वावरात कशाला? शेजाऱ्याच्या बांधाआड रोवला की झालं. शेजारी दुसऱ्या पहाटे उठून आपले दोन घेऊन निघतो, तर दाराशी हे पाहुणे. मग तो आपले दोन आणि परक्याचे दोन असे चार पुढच्याच्या वावरात नेऊन रोवतो. जमीन ओढ्याकडं उतरती. पाणी जसं उताराला लागतं तसे सापळे उताराला लागले, आणि ओढ्याच्या अलीकडं शेवटचं वावर आक्काचं. तिच्यापुढं ढकलायला कुणी नव्हतं. आणि असतं तरी तिनं ढकलले नसते, कारण तिला दिरानं येऊन सांगितलं होतं, “वहिनी, सरांनी जादाचे धाडलेत. तुमचं वावर नमुन्याचं करायचं म्हणं.”

आक्काला ते पटलं. सरांचं काहीही पटायचं तिला. ती रोज सकाळी वही घेऊन प्रत्येक पिशवी उपसायची, मोजायची आणि बेरीज मला फोनवर सांगायची, तिच्या त्या आवाजात, म्हणजे शेजारच्या गटातल्या आबांनाही. मी तिकडं सासऱ्यांच्या ओसरीवर चार सापळ्यांचा हिशेब धरून ती ऐकत होतो. एकशे बारा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली पुरणपोळी खाली पडली. एकशे बाराला चारनं भागलं की एका सापळ्यात अठ्ठावीस पतंग! जांबच्या रामनवमीच्या यात्रेलाही इतकी दाटी नसते. सासुरवाडी सोडली ती थेट आक्काच्या बांधावर.

तर मी गाडी स्टँडवर लावली आणि कपाशीत शिरलो. शिरलो आणि थबकलो. जिकडं बघावं तिकडं हिरव्या टोप्या. झाडापेक्षा सापळे जास्त म्हणणार नाही, पण जागेवरून भांडण झालं असतं तर सापळे ऐकले नसते. लांबच लांब पिशव्या वाऱ्यावर हलत होत्या. लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटलं, नवरी सोडून सगळं होतं.

“आक्का, मी सापळे किती दिले होते?”

“चार.”

“आणि हे?”

“एकोणीस. तुम्हीच तं धाडले ना मागून!”

“मी?”

आक्कानं दिराकडं बघितलं. बांधावरच्या सगळ्यांनी दिराकडं बघितलं. दीर पंपाच्या नोझलमध्ये काही अडकलंय का, ते फार बारकाईनं बघायला लागला.

माझ्या आयुष्यात मी शहाणपणाची कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी केली. त्यातलं एक म्हणजे सापळे वाटताना प्रत्येक टोपीच्या आत मार्करनं ज्याचा त्याचा गट नंबर लिहिला होता. मी पहिली टोपी उलटी केली.

“गट नंबर बेचाळीस! दोन नग!”

बांधावरच्या एकाला आपली म्हैस सुटी राहिल्याचं आठवलं. तो गेला.

“गट नंबर एकोणचाळीस! तीन नग!”

आणखी एकाच्या घरी पाहुणे येणार होते. तिसऱ्याला नुसता खोकला आला आणि तो खोकत खोकत गावापर्यंत गेला. असे पाच गट वाचले आणि बांध निम्मा मोकळा झाला. उरलेले चार सापळे दिराच्या बांधाला चिकटून होते. टोपी उलटी करायचीही गरज नव्हती. मी तरी केली. अशी संधी कोण सोडतो?

“गट नंबर छत्तीस. चार नग. आबा, हे तुमचे.”

“वाऱ्यानं आले असतील,” आबा म्हणाले.

“काठीसकट?” आक्का म्हणाली. “आन् आल्यावर रोवले कुणी, वाऱ्यानंच? बुडाला दगडं बी वाऱ्यानंच लावले का, भाऊजी?”

भाऊजींनी गमछा तोंडावर आणखी वर ओढला. पण आक्का तेवढ्यावर थांबणारी नव्हती. ती माझ्याकडं वळली. 

“सर, ह्ये बघा, ते मारुतीचं शिखर दिसतं. तिकडं तोंड करून सांगा. पैठणहून पतंग येतो का?”

मी मारुतीकडं बघितलं. मारुती ब्रह्मचारी, त्याला असल्या वासांचं काय सांगायचं! पण सुटका नव्हती.

“नाही येत,” मी म्हणालो.

“शहागडहून?”

“तिथूनही नाही. या बांधावरचा त्या बांधावर आला तरी खूप झालं.”

अडकित्तेवाला म्हातारा अजून बांधावर होता. तो एकदम ताडकन उठला. “मंग आम्ही पहाटं उठून, दवात भिजत, डबे घेऊन कशापायी हिंडलो?”

“हिंडलो?” आक्का म्हणाली.

म्हातारा परत बसला.

आक्कानं वहीचं मागचं पान उघडलं आणि कपाशीच्या बोंडावर वही टेकवून भागाकार मांडला. मला वाटलं होतं तो मी मांडीन, पण मी एकशे बाराला एकोणीसनं भागताना ओठ हलवत होतो तोवर तिचं झालंही होतं. “एका सापळ्याला सहा बी पडत न्हाईत,” ती म्हणाली. “आठाच्या आतच हाय.” आणि मग पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “तीन दिवस मी घरात कुणाला सांगितलं न्हाई, सर. रविवारी मालक आलते, त्यांना बी न्हाई. वही पिठाच्या डब्यात ठिवली व्हती.”

मी पायाखालचं ढेकूळ बुटानं फोडत उभा राहिलो. 

पण दीर कच्चा गडी नव्हता. “सापळे कुणाचे का असंनात,” तो म्हणाला, “पाखरं तं वावरात आली ना? आली म्हंजे अंडी घातली. अंडी घातली म्हंजे अळी. मारू का?”

“पिशवीत नर पडतात, आबा. नर अंडी घालत नाहीत.”

“आमच्याकडं काय काय व्हतं, तुम्हाला काय माहीत!”

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आकडा कमी आहे हे खरं, पण अळी बोंडात शिरली आहे की नाही, हे सापळा सांगत नाही, बोंडच सांगतं. त्याचीही रीत ठरलेली: वावरभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तर पंप. एकात निघाली तर घरी जा.

“चला,” मी म्हणालो, “आक्का, वीस बोंडं तोडा.”

“मी न्हाई तोडणार. उद्या म्हणताल, बाईनं निवडून चांगली चांगली तोडली. भाऊजींनी तोडावी. त्यांच्या मनाची.”

 न्यायाधीशाच्या खुर्चीवर फिर्यादीलाच बसवलं या बाईनं! दीर खुशीत कपाशीत शिरला. पंप मात्र त्यानं पाठीवरून उतरवला नाही. तो उतरवला की हरल्यासारखं दिसलं असतं. आश्विनातलं ऊन, पाठीवर सोळा लिटर, आणि वाकून वाकून झाडाझाडाखाली डोकावणं. एखाद्या पोरीत खोट काढायला आलेल्या आत्यासारखा तो प्रत्येक बोंड उलटंपालटं करत होता. अर्ध्या तासानं वीस बोंडं घेऊन बांधावर आला तेव्हा आबा कमी आणि ओला गमछा जास्त उरला होता.

फोडायला म्हाताऱ्याचा अडकित्ता. कट्. पहिलं बोंड पांढरं स्वच्छ. कट्. दुसरं स्वच्छ. कट्.

तिसऱ्यात ती होती. गुलाबी, बारीक, झोपेतून उठवल्यासारखी वळवळत. बांधावर एकदम “हाय!” असा आवाज झाला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला: घुर्रर्र. आबांनी पंपाचं बटण चालू केलं होतं.

“अजून एक निघायची हाय, भाऊजी,” आक्का म्हणाली. ती बोंडांकडं बघतच नव्हती. पाठमोरी बसून कपाशीतलं गवत खुरपत होती, आणि जिथलं गवत केव्हाच निघून गेलं होतं, तिथलीच माती पुन्हा पुन्हा खुरपत होती.

कट्. कट्. कट्. चौथं, पाचवं, दहावं, पंधरावं. स्वच्छ, स्वच्छ. पंप घुरघुरत होता. एकोणिसावं स्वच्छ. म्हाताऱ्यानं हात पुढं केला. “विसावं?”

आबांनी खिशात हात घातला. विसावं त्यांनी खिशात जपून ठेवलं होतं. काढलं तर त्यावर काळपट डाग. डावात हुकमाचा पत्ता टाकावा तसं त्यांनी ते दगडावर टाकलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. आक्काचं खुरपं थांबलं.

कट्.

आत तपकिरी, ओलसर. सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

“खाल्लंय!” आबा ओरडले. “अळी खाऊन निघून गेली!”

म्हाताऱ्यानं बोंड डोळ्यांपाशी नेलं, नाकापाशी नेलं, नखानं उकरलं, बाहेरून गोल फिरवून अळी निघून गेल्याचं भोक कुठं आहे का ते बघितलं. त्यानं इतका वेळ लावला की तेवढ्यात दुसरी वेचणी झाली असती.

“अळी न्हाई,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या दाढंसारखं झालंय. सडलंय, पण आत कुणी राहत न्हाई.”

बोंड माझ्याकडं आलं. मीही बघितलं. पावसानं सडलेलं बोंड होतं, अळीचं नव्हतं. ना विष्ठा, ना भोक. या एका बाबतीत मी कधीच खोटं बोलत नाही, आणि त्या दिवशी तर मारुती बघत होता. “विसात एक,” मी म्हणालो. “पंप नाही.”

घुर्रर्र थोडा वेळ तसंच चालू राहिलं. मग बंद झालं. आबा पंपासकट आपल्या वावराकडं वळले. दुपारी मी फाट्याकडं निघालो तेव्हा रस्त्यावरून दिसलं, ते आपल्या कपाशीत उकिडवे बसले होते आणि समोरच्या दगडावर बोंडं फोडत होते. त्या कपाशीवर त्यांनी तोवर चार वेळा फवारलं होतं. किती अळ्या निघाल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण बराच वेळ फोडत होते.

आता एक गोष्ट राहिली, ती मला परतीच्या वाटेवर सुचली आणि मी गाडी बाजूला घेऊन एकटाच हसलो. नुसतं मोजण्यासाठी एकराला दोन सापळे लागतात, पण पतंग धरून धरून संपवायचेच असले तर एकराला आठ-दहा लावतात. दोन एकरांत एकोणीस! साऱ्या गावानं पहाटे उठून, रिकामे डबे वागवून, आक्काच्या वावराची अशी काळजी घेतली होती, जशी मी पगार घेऊनही घेतली नव्हती. त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं: “शेतकऱ्यांनी स्वयंस्फूर्तीने सापळे एका शेतात एकत्र आणून सामूहिक प्रयोग यशस्वी केला.” संस्थेतून शाबासकीचा फोन आला. मी ती नम्रपणे घेतली.

गावालाही ते कळायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवसापासून सापळ्यांचे धनी आक्काच्या बांधावर येऊन घुटमळायला लागले. आक्का, तो आमचा एक सापळा चुकून इकडं आलता. आक्का, पोरानं गंमत केली व्हती. आक्कानं म्हाताऱ्याचे दोन त्याच्या हाती दिले, अडकित्त्याची मजुरी म्हणून. बाकीच्यांना म्हणाली, “तुम्हीच भ्यालते ना, पैठणचे पतंग येतात म्हणून? राहू द्या मंग. मला सवय झाली.”

दिवाळी झाली, कपाशी फुटली. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडं वावरात सीतादही करतात. पाच दगड मांडून, चुना लावून पुजतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, उरलेलं चहू अंगाला शिंपतात आणि मग पहिलं बोंड वेचतात. मला बोलावणं होतं. आक्काचा नवरा सुट्टी काढून आला होता आणि कौतुकानं सगळ्यांना सांगत होता, एक बी पंप लागला नाही, एक बी न्हाई, जसं काही ते त्यानंच केलं होतं. वावर पांढरंशुभ्र दिसत होतं. मध्ये हिरव्या टोप्या.

दीरही आला. घरचाच माणूस, येणारच. पाठीवर पंप नव्हता, त्यामुळे ओळखायला जरा वेळ लागला. द्रोणात दहीभात घेऊन तो बांधावर माझ्या शेजारी बसला. खाल्ला. बोटं चाटली. पुन्हा थोडा घेतला. मग घसा खाकरून म्हणाला, “वहिनी, ते आपले छत्तीस नंबरचे चार सापळे. आमच्या वावरात लावावं म्हणतो.”

आक्का ओटीत कापूस टाकत टाकत पुढच्या झाडाकडं सरकली.

“पाडवा झाला की घेऊन जा, भाऊजी.”